दुखतंय, हे कुणाला सांगायचं?

१९९५ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ब्रिट टायेट-फॉक्सेल आणि एफ. डी. रोझ या संशोधकांनी व्यावसायिक बॅले नर्तक आणि साधारण त्यांच्याच वयाचे विद्यापीठातले विद्यार्थी असे दोन गट घेतले आणि दोघांनाही बर्फगार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं. दुखायला लागलं की सांगायचं आणि सोसेनासं झालं की हात बाहेर काढायचा. नर्तकांनी दुखल्याचं उशिरा सांगितलं, हातही उशिरा काढला. इथपर्यंत कुणाला नवल वाटणार नाही. पण ते दुखणं कसं होतं हे शब्दांत सांगायची वेळ आली, तेव्हा नर्तकांनी केलेलं वर्णन विद्यार्थ्यांच्या वर्णनापेक्षा अधिक तीव्र निघालं.

म्हणजे नर्तकांची कातडी जाड झालेली नसते. दुखणं त्यांना पुरेपूर कळतं, कदाचित आपल्यापेक्षा जास्तच बारकाईनं कळतं, कारण शरीरात कुठे काय चाललं आहे याकडे लक्ष ठेवण्यातच त्यांचं आयुष्य गेलेलं असतं. फक्त कळल्यावर थांबायचं नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. मोठ्या माणसाबद्दल आपण म्हणू शकतो की त्यानं हे आयुष्य समजून-उमजून स्वीकारलं. पण ही सवय लागते दहाव्या-बाराव्या वर्षी, आणि वर्गातल्या सगळ्यात गुणी मुलीला ती सगळ्यात आधी लागते. (मुलगेही याला अपवाद नाहीत. मी ‘मुलगी’ म्हणते आहे ते वर्गात त्यांची संख्या जास्त असते म्हणून.) हे प्रकरण तिच्याविषयी आहे.

आधी दुखापतींचं प्रमाण पाहू. ब्रिटनमधल्या तीन पूर्णवेळ बॅले शाळांतल्या २६६ विद्यार्थ्यांची क्रिस्टिना एकेग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक संपूर्ण शैक्षणिक वर्ष नोंद ठेवली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २०३ जणांना, म्हणजे ७६ टक्के मुलांना, वर्षभरात किमान एक दुखापत झाली होती. एकूण दुखापती ३७८. निवड चाचण्यांतून पारखून घेतलेली, चांगल्या लाकडी जमिनीवर नाचणारी, दिमतीला फिजिओथेरपिस्ट असलेली ही मुलं. इस्रायलमध्ये निली स्टाइनबर्ग यांनी ८ ते १६ वर्षांच्या १,३३६ हौशी नर्तिकांची तपासणी केली, तेव्हा त्यांतल्या ४२.६ टक्के मुलींना दुखापत झाल्याचं आढळलं. तेव्हा ‘नाचच तर आहे, खेळ थोडाच आहे’ हे पालकांच्या तोंडचं वाक्य आता सोडून द्यायला हवं.

एकेग्रेन यांच्या अभ्यासातला आणखी एक आकडा मला या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. त्या दुखापतींपैकी ७२ टक्के अतिवापराच्या होत्या. पाय घसरला, उडीनंतर घोटा मुरगळला अशा अपघाती दुखापती कमी. बहुतेक दुखणी हळूहळू साचत गेलेली.

हाड ही जिवंत गोष्ट आहे. उड्या मारताना नडगीच्या किंवा पावलाच्या हाडात अतिसूक्ष्म पातळीवर झीज होते आणि विश्रांतीच्या काळात शरीर ती भरून काढतं. त्यातूनच हाड मजबूत होतं. भार वाढला, विश्रांती घटली किंवा अन्न कमी पडलं की झीज दुरुस्तीच्या पुढे जाते. सुरुवातीला क्लास संपल्यावर ठणकतं. मग क्लास चालू असताना दुखायला लागतं. पुढे जिना चढताना, आणि शेवटी रात्री अंथरुणात पडल्यावरही. तोवर एक्स-रेमध्ये रेघ, म्हणजे ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’, दिसू लागलेली असते. या प्रवासाला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. पहिल्या टप्प्यात थोडे दिवस उड्या बंद ठेवल्या तर पुष्कळदा भागतं. शेवटच्या टप्प्यात कित्येक महिने जातात.

या दोन टप्प्यांच्या मधल्या काळात ती मुलगी काय करते? सांगते की लपवते? कमी करते की दुप्पट करते? नृत्याच्या मानसशास्त्रातलं गेल्या तीनेक दशकांतलं जे संशोधन मला मोलाचं वाटतं, ते सगळं या मधल्या काळावर प्रकाश टाकतं.

ताणाचा आणि दुखापतीचा संबंध सांगणारी सर्वांत परिचित मांडणी मार्क अँडरसन आणि जीन विल्यम्स या क्रीडामानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली केली. मन धास्तावलेलं असलं की शरीरात दोन गोष्टी घडतात, असं ते सांगतात. एक, लक्षाचा परीघ आकसतो. शेजारून येणारी सहकारी, जमिनीवरचा ओला भाग, सुटलेली रिबन या कडेच्या गोष्टी नजरेतून निसटतात. दुसरी, स्नायू नको तितके आवळले जातात. उडीनंतर जमिनीला टेकताना गुडघा आणि घोटा ज्या सहजतेनं वाकायला हवेत तसे वाकत नाहीत, आणि धक्का पेलण्याचं काम स्नायूंऐवजी हाडं आणि सांधे करतात. एकदा-दोनदा असं झालं तर काही बिघडत नाही. दिवसातून शंभर उड्या आणि महिनाभर धास्ती, असं झालं तर बिघडतं.

हा ताण नाचाचाच असतो असं नाही. आईवडिलांचं पटत नाही, आजी गेली, शाळा बदलली, जिवाभावाची मैत्रीण तुटली, यांतलं काहीही शरीरावर तसाच परिणाम करतं. लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये अकराव्या वर्षी निवड झालेली मुलं रिचमंड पार्कमधल्या व्हाइट लॉज या इमारतीत राहून शिकतात. ज्या वयात घरची आठवण आली की पोटात कालवतं, त्या वयात त्यांना जगातल्या उत्तमोत्तम मुलांच्या रांगेत उभं राहायचं असतं. याच संदर्भात पॅटरसन, रोनाल्ड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला अमेरिकेतल्या एका मोठ्या बॅले कंपनीचा अभ्यास मला पुन्हा पुन्हा आठवतो. आयुष्यात ताण जास्त असलेल्या नर्तकांना दुखापती जास्त होतात, हे त्यांना दिसलं, पण ते सगळ्यांच्या बाबतीत नाही. ज्यांना जवळच्या माणसांचा आधार कमी होता, त्यांच्यात ताण आणि दुखापत यांचं नातं घट्ट होतं. ज्यांना आधार भरपूर होता, त्यांच्यात ते नातं जवळजवळ दिसेनासं झालं. ताण तोच, परिणाम वेगळा.

आधार म्हणजे इथे डबा भरून देणं किंवा क्लासला नेऊन सोडणं एवढंच धरू नये. ते आपल्याकडचे पालक जीव तोडून करतात. आधार म्हणजे असं एखादं माणूस, ज्याला ‘आज पाय दुखतोय’ असं सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर आधी कार्यक्रमाची तारीख उमटत नाही.

आता गुणी मुलीच्या स्वभावाकडे वळू. तिच्यात ठळकपणे दिसते ती चूक सहन न होण्याची वृत्ती. चांगलं करून दाखवण्याची ओढ आणि चुकेन म्हणून वाटणारी भीती, या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. दोन्ही मुली उशिरापर्यंत थांबून सराव करतात. फरक चुकल्यानंतर कळतो. पहिली म्हणते, ‘पुन्हा एकदा बघू.’ दुसरीला वाटतं की आपणच चुकीच्या आहोत. डॉना क्रॅसनो, लिंडा मेनवेअरिंग आणि ग्रेचेन कर यांनी १९९९ साली किशोरवयीन नर्तक आणि जिम्नॅस्ट यांच्यातला ताण, परिपूर्णतेचा हव्यास आणि दुखापत यांचा एकत्र विचार केला. संबंध आढळले, पण बॅले, मॉडर्न डान्स आणि जिम्नॅस्टिक्स यांत त्यांचं रूप एकसारखं नव्हतं. हे मी मुद्दाम नोंदवते. कारण ‘परिपूर्णतेचा हव्यास म्हणजे दुखापत’ असं सरळसोट समीकरण मांडणारे लेख हल्ली फार वाचायला मिळतात आणि ते खरं नाही. ब्रिटनमध्ये सना नॉर्डिन-बेट्स आणि सहकाऱ्यांनी २०११ साली नर्तकांचा आत्मसन्मान, कल्पनाशक्तीचा वापर आणि दुखापत यांचा संबंध तपासला, तेव्हा दुखापत झालेले आणि न झालेले यांच्यात त्यांना फारसा फरक सापडला नाही. मन ही दुखापतीची एकमेव किल्ली असल्याचा दावा कुणी करू नये. जमीन, बूट, तंत्र, सरावाचे तास, आधीची दुखापत हे सगळं आपापल्या जागी आहेच.

तरीही एक अभ्यास असा आहे की तो नाच शिकवणाऱ्या प्रत्येकानं वाचायला हवा, असं मला मनापासून वाटतं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोबेर वॅलरँड यांनी ध्यासाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एका प्रकारात माणूस आपल्या कामावर जीव ओवाळून टाकतो, पण ते काम त्याच्या आयुष्यात इतर गोष्टींच्या शेजारी सुखानं नांदतं, त्याला ते बाजूलाही ठेवता येतं. दुसऱ्या प्रकारात कामच माणसाला धरून ठेवतं. ते केलं नाही तर अपराधी वाटतं, जीव कासावीस होतो, कारण आपली सगळी किंमत त्यावरच टांगलेली असते. वॅलरँड, ब्लांका रिप आणि सिल्वी फोर्तां यांनी नृत्य शिकणाऱ्या ८० विद्यार्थ्यांमध्ये हे तपासलं आणि २००६ साली निष्कर्ष मांडले. पहिल्या प्रकारचा ध्यास असलेले विद्यार्थी दुखापत झाली की स्वतःची काळजी घेत आणि अचानक झालेल्या दुखापतींतून तुलनेनं लवकर बाहेर येत. दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्यांची जुनाट दुखणी लांबत जात, आणि उपचार घेण्याच्या आड त्यांचा अभिमान येई.

प्रेम दोघांचंही होतं, हे विसरता कामा नये. ‘हिचं नाचावर किती प्रेम आहे बघा, ताप असूनही आली’ असं आपण कौतुकानं म्हणतो तेव्हा आपण कुठल्या प्रकारच्या प्रेमाला टाळ्या वाजवतो आहोत? आणि बाकीच्या पंचवीस मुली ते ऐकत असतात.

यात भर पडते ती वयाची. वाढीच्या झपाट्यात, म्हणजे मुलींत साधारण अकरा ते चौदाच्या दरम्यान आणि मुलग्यांत थोडं पुढे, हाडांची लांबी आधी वाढते. स्नायू आणि स्नायुबंध मागून येतात, आणि हाडात खनिजं भरण्याचं काम आणखी काही महिने मागे रेंगाळतं. परिणाम असा की काल सहज उचलला जाणारा पाय आज तेवढा वर जात नाही. तोल ढळतो. गिरक्या सुटतात. लवचीकपणा कमी होतो. पावलं आधी वाढतात, आणि किशोरवयीन बॅले विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासात पावलाच्या लांबीतली वाढ आणि अतिवापराच्या दुखापती यांचा संबंधही दिसला आहे. आठव्या वर्षापासून ‘हिच्यात काहीतरी वेगळं आहे’ हे ऐकत आलेल्या मुलीला हे काय चाललं आहे ते कुणी सांगत नाही. तिला एवढंच दिसतं की आपल्याकडे जे होतं ते गेलं. शिकवणारी म्हणते, ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ मुलगी घरी येऊन दार लावून दुप्पट सराव करते. हाड सगळ्यात नाजूक असतं त्याच महिन्यांत त्यावर सगळ्यात जास्त भार पडतो. नृत्यवैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं किशोरवयीन नर्तकांविषयीच्या मार्गदर्शनात हेच सांगितलं आहे : या काळात उड्या आणि पाय उंच उचलण्याचे प्रकार कमी करा, ताकद आणि नेमकेपणा यांवर भर द्या, आणि मुख्य म्हणजे हे तात्पुरतं आहे हे मुलांना आणि पालकांना आधीच सांगून ठेवा.

अमेरिकन बॅले नर्तिका मिस्टी कोपलंड हिची गोष्ट या सगळ्या धाग्यांना एकत्र आणते, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. कॅलिफोर्नियातल्या सॅन पेद्रो भागात, आई आणि भावंडांसोबत गरिबीत वाढलेली ही मुलगी तेराव्या वर्षी, बॅलेच्या हिशेबात फार उशिरा, मुलांच्या एका क्लबात पहिल्यांदा नाच शिकली. तीन महिन्यांत ती चवड्यांच्या टोकावर उभी राहत होती. जे करायला इतरांना कित्येक वर्षं लागतात, ते तिनं काही महिन्यांत केलं. पंधराव्या वर्षी लॉस एंजेलिसमधली मोठी स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी तिच्या ताब्यावरून आई आणि नृत्यशिक्षिका यांच्यात कोर्टकचेरी झाली आणि ती वर्तमानपत्रांत गाजली. पुढे न्यूयॉर्कच्या अमेरिकन बॅले थिएटरमध्ये निवड झाली, आणि लगेचच, एकोणिसाव्या वर्षी, कमरेच्या मणक्यात स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. जवळजवळ वर्षभर नाच बंद. तिला तोवर मासिक पाळी आलेली नव्हती. हाडं मजबूत व्हावीत म्हणून डॉक्टरांनी गोळ्या देऊन ती सुरू केली. शरीर थोड्याच दिवसांत भरलं, आणि मग कंपनीतून तिला सूचना मिळू लागल्या की शरीर पूर्वीसारखं ‘लांबसडक’ दिसायला हवं. त्यातून तिच्या खाण्याचं तंत्र बिघडलं. हे सगळं तिनं आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणानं लिहिलं आहे. २०१२ साली, ‘फायरबर्ड’ या बॅलेतली मुख्य भूमिका मिळाली तेव्हा, तिच्या नडगीच्या हाडात सहा स्ट्रेस फ्रॅक्चर होते. तिनं दुखणं अंगावर काढलं आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये ती भूमिका नाचली. नंतर शस्त्रक्रिया करून हाडात धातूची पट्टी बसवावी लागली. ‘फायरबर्ड’च्या त्या रात्री प्रेक्षागृहात मोठ्या संख्येनं आलेले कृष्णवर्णीय प्रेक्षक तिच्यासाठी आले होते, आणि त्यांच्यासाठी नाचायचंच, असं तिनं ठरवलं होतं. २०१५ साली ती त्या कंपनीतली पहिली कृष्णवर्णीय प्रमुख नर्तिका झाली.

ही कथा जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि ती जिद्दीची आहेच. पण ती परत आली म्हणून आपल्याला माहीत आहे. ज्या परत आल्या नाहीत त्यांची आत्मचरित्रं निघत नाहीत.

उशिरा येणारी पाळी आणि हाडं यांचं नातं वैद्यकशास्त्राला नवं नाही. मिशेल वॉरन, मानसशास्त्रज्ञ लिंडा हॅमिल्टन (या स्वतः न्यूयॉर्क सिटी बॅलेत नाचल्या होत्या) आणि इतरांनी १९८६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ७५ व्यावसायिक बॅले नर्तिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ६१ टक्के जणींचं हाड कधी ना कधी मोडलेलं होतं, त्यात स्ट्रेस फ्रॅक्चर सर्वाधिक. २४ टक्के जणींच्या पाठीच्या कण्याला बाक होता. पाळी जितकी उशिरा आलेली, तितकं स्ट्रेस फ्रॅक्चरचं प्रमाण जास्त. पोटाला पुरेसं अन्न न मिळता भरपूर श्रम झाले की शरीर आधी प्रजननाचं काम थांबवतं आणि मग हाडांचं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ साली या अवस्थेची नव्यानं व्याख्या केली आणि त्यात मुलग्यांचाही समावेश केला. एवढं सगळं माहीत असूनही क्लासमध्ये ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हे वाक्य अजून बक्षिसासारखं दिलं जातं. हे वाक्य बंद झालं तर किती हाडं वाचतील याचा आकडा मला देता येणार नाही, पण ते बंद व्हावं याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.

शिकवणाऱ्याचा शब्द शरीरात किती खोल जातो हे मोजताही येतं. एलेनॉर क्वेस्टेड, जोन डुडा आणि सहकाऱ्यांनी व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या नर्तकांच्या परीक्षेच्या एकल सादरीकरणाच्या आधी आणि नंतर लाळेचे नमुने घेतले आणि त्यातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक तपासलं. २०११ साली त्यांनी लिहिलं की आपल्याला स्वतःचं काही ठरवता येतं, आपल्याला हे जमतं आणि आपण या वर्गातले आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांना ते सादरीकरण धोक्यासारखं कमी आणि आव्हानासारखं जास्त वाटलं, आणि त्यांच्या कॉर्टिसॉलची उसळीही कमी होती.

ब्रिटननं २००४पासून गुणी मुलांसाठी नृत्याची खास केंद्रं सुरू केली. मुलांनी घरीच राहायचं, नेहमीच्या शाळेत जायचं आणि शनिवार-रविवारी व संध्याकाळी उच्च दर्जाचं प्रशिक्षण घ्यायचं. बर्मिंगहॅमच्या केंद्रात कथक आणि भरतनाट्यमही शिकवलं जातं, म्हणजे आपल्या नृत्यपरंपरेतली मुलंही त्या योजनेत आली. या केंद्रांतल्या मुलांवर ट्रिनिटी लाबान संस्थेतल्या संशोधकांनी काही वर्षं सलग काम केलं. त्यातून इमोजेन औजला आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रशिक्षणात टिकून राहतात ती सुखानं नांदणाऱ्या ध्यासाची मुलं. जिथे एकमेकांशी तुलना आणि चढाओढ यांवर वर्ग चालतो असं मुलांना वाटतं, तिथून गळती वाढते. गुणी मूल हरवण्याची कारणं पुष्कळदा त्याच्या पायात नसतात.

आपल्याकडच्या नृत्यवर्गांत बॅलेचं सगळं जसंच्या तसं लागू करू नये. आपल्या शैलीत आरशासमोर बारीक दिसण्याचा सोस तुलनेनं कमी होता, निदान सिनेमा आणि रिअ‍ॅलिटी शो येईपर्यंत तरी. पण कथकची तत्कार फरशीवर, अनवाणी, घुंगरांच्या वजनासह होते. भरतनाट्यममध्ये अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसून, अडवू करताना गुडघे आणि कंबर यांच्यावर सगळा भार येतो. मांडीचा सांधा पुरेसा उघडत नसेल तर मुली पावलं बाहेर वळवून वेळ निभावतात, आणि गुडघा पिळला जातो. आणि आपलं वेळापत्रक. गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा, शाळेचं स्नेहसंमेलन, क्लासचा वार्षिक कार्यक्रम आणि दहावीची तयारी हे सगळं एकाच काळात येऊन पडतं. अरंगेत्रमची, म्हणजे पहिल्या जाहीर एकल सादरीकरणाची, तारीख वर्षभर आधी ठरते, सभागृह आरक्षित होतं, पत्रिका छापल्या जातात, नातेवाइकांची विमानाची तिकिटं निघतात. अशा वेळी पंधरा वर्षांच्या मुलीनं शेवटच्या महिन्यात ‘ताई, माझी नडगी दुखतेय’ असं म्हणायचं म्हणजे किती माणसांना उत्तर द्यायचं! ती म्हणत नाही. आपल्या परंपरेत गुरूसमोर अडचण सांगणं हेच मुळात धाडस असतं. गुरूवरची श्रद्धा मला मोलाची वाटते. म्हणूनच हे दार आधी उघडण्याची जबाबदारी गुरूची आहे, शिष्येची नाही, असं मी म्हणते.

कसं उघडायचं, याचे मार्ग तसे साधे आहेत. नेदरलँड्समध्ये कंटेम्पररी नृत्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा वर्षभर पाठपुरावा केल्यावर अडचणींना तोंड देण्याची कौशल्यं कमी असणं, हा दुखापतीचा एक धोका ठरला. म्हणजे ही कौशल्यं शिकवली तर उपयोग व्हायला हवा. कोरियात नोह, टोनी मॉरिस आणि वर उल्लेख आलेले मार्क अँडरसन यांनी बॅले नर्तकांना अंग सैल सोडण्याचा सराव, मनात हालचाली पाहण्याचा सराव आणि स्वतःशी बोलण्याची पद्धत असं एकत्र शिकवलं. या गटाचे दुखापतीत गेलेले दिवस नुसत्या नेहमीच्या सरावातल्या गटापेक्षा कमी निघाले. २००७ सालच्या या छोट्या अभ्यासानं सगळं सिद्ध झालं असं नाही. पण यासाठी यंत्रं लागत नाहीत, पैसे लागत नाहीत, आणि कुणाचं नुकसान होत नाही.

दुसरी गोष्ट विचारण्याची. ‘दुखापतीमुळे किती तास बुडवले?’ हा प्रश्न नर्तकांच्या बाबतीत निरुपयोगी आहे, कारण ते तास बुडवतच नाहीत. ऑस्लोतल्या क्रीडा-दुखापत संशोधन केंद्रानं तयार केलेली प्रश्नावली हल्ली नृत्यसंस्थांतही वापरली जाते. तिच्यात विचारतात : गेल्या आठवड्यात दुखण्यामुळे सहभागात काही अडचण आली का? सराव कमी करावा लागला का? नाच नेहमीपेक्षा खालावला का? किती दुखलं? चार प्रश्न, दर आठवड्याला, सगळ्यांना. एकट्या मुलीला हात वर करावा लागत नाही, ही त्यातली खरी सोय. आणि उत्तरं वाचणारी व्यक्ती भूमिका वाटणारी नसावी. पहिल्या ओळीत कोण उभं राहणार हे ठरवणाऱ्या माणसाला कुठलीही मुलगी आपलं दुखणं खरं सांगणार नाही.

राहतो प्रश्न दुखापतीनंतरच्या दिवसांचा. नाच बंद झाला की मुलीला वाटतं आपण कोणीच उरलो नाही, आणि त्या पोकळीच्या भीतीनंच पुढच्या वेळी ती दुखणं लपवते. बॅलेच्या शाळांत यावर उपाय म्हणून दुखावलेल्या मुलांना बाकावर बसवून ठेवण्याऐवजी जमिनीवरचे व्यायाम, हातांच्या आणि वरच्या अंगाच्या हालचाली देतात. आपल्याकडे तर याहून कितीतरी जास्त आहे. कथक शिकणारी मुलगी पायाला पट्टी बांधून पढंत करू शकते. हातावर ताल धरून तोडे, तुकडे, परण म्हणणं हा नाचाचाच भाग आहे, आणि एरवी घाईत तोच मागे राहतो. कथकगुरू शंभू महाराज बसून ठुमरीचा भाव दाखवत, आणि त्यासाठी लोक लांबून येत. महाराष्ट्राची बैठकीची लावणीसुद्धा बसूनच अदा होते, आणि वाईच्या यमुनाबाईंनी त्यात आयुष्य वेचलं. एका ओळीवर पाच-सहा वेगवेगळे भाव बसून दाखवायला सांगितलं तर सहा आठवडे कमी पडतील. क्लासच्या ताईंनी हे शिक्षा किंवा वेळकाढूपणा म्हणून न देता, पुढच्या कार्यक्रमात खरोखरची जागा ठेवून द्यावं. वर्गातल्या बाकीच्या मुली ते पाहतात, आणि पुढच्या खेपेला जिची नडगी ठणकेल ती कदाचित पहिल्याच आठवड्यात सांगेल.